कागदाची मागची बाजू

सोनोग्राफीच्या मॅडमनी दोनदा विचारलं, "ऑपरेशन झालंय म्हणालात ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. त्यांनी पोटावरून परत मशीन फिरवलं, परत बघितलं आणि कागदावर लिहिलं, 21 आठवडे. जुलै 2015 ची गोष्ट. माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन जानेवारी 2014 मध्ये झालं होतं, दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी.

पाच महिने कळलं कसं नाही, हा प्रश्न मला नंतर सगळ्यांनी विचारला. डॉक्टरांनी, क्लार्कनी, वकिलांनी, भावकीतल्या बायकांनी. पाळी मागेपुढे होत होती. मुलगा दीड वर्षाचा, अजून अंगावर पीत होता. उलट्या झाल्या तर पित्त म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पोट वाढलं तर आत्याबाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर बायकांचं पोट सुटतंच. (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो.) पोटात हललं तेव्हा मी गॅस समजले. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला हे कळू नये याचं आज मलाही नवल वाटतं. पण ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जाऊ शकतात, ही गोष्टच माझ्या डोक्यात नव्हती. आमच्याकडे म्हणतात ना, 'पाळणा थांबवला.' थांबवला म्हणजे थांबला, असंच मी धरून चालले होते.

त्या वेळी गर्भपाताच्या कायद्यात 20 आठवड्यांची मर्यादा होती. 1971 च्या त्या कायद्यातच लिहिलंय की कुटुंबनियोजनाचं साधन किंवा पद्धत फसून दिवस गेले, तर त्या बाईला होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्याला मोठी इजा धरता येतो आणि त्या कारणावरून गर्भपात करून घेता येतो. म्हणजे माझ्यासारख्या बाईसाठी कायद्यात वाट होती. ती कळेपर्यंत एक आठवडा उलटून गेला होता.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यावर लांबण लावण्याची माझी इच्छा नाही. हे तेव्हा चाकणला कंपनीत होते, पंधरा दिवसांतून एकदा गावी यायचे. माणदेशात निम्मी घरं अशीच, माणूस बाहेर आणि बाई घर सांभाळून. फोनवर सांगितलं तर हे काही बोललेच नाहीत. आठ दिवस फोन आला नाही. चुलतसासू अंगणात येऊन म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यावर कसं काय राह्यलं?" त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला आणि आत्याबाईंनाही कळला. आत्याबाई एरवी मला फार जवळ करणाऱ्या नव्हत्या. पण त्या चुलीपुढून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्याला इचारा. माज्या सुनंकडं बोट दावायचं न्हाई." त्यानंतर आमच्या घरात तो प्रश्न कुणी काढला नाही. यांच्या डोक्यातून मात्र तो नोव्हेंबरपर्यंत गेला नाही, हे मला माहीत आहे.

आशाताईंनी सांगितलं की ऑपरेशन फेल गेलं तर सरकारकडून 30 हजार रुपये मिळतात, फक्त कळल्यापासून 90 दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. या योजनेचं नावही मी पहिल्यांदा ऐकत होते. ऑपरेशनचं प्रमाणपत्र, संमतीपत्राची प्रत आणि गरोदरपणाचा पुरावा लागणार होता. सोनोग्राफीचा कागद तेवढा माझ्याकडे होता. प्रमाणपत्र मला कधी मिळालंच नव्हतं. ते ऑपरेशननंतर महिन्याभराने किंवा पहिली पाळी आल्यावर तपासणीला जाऊन घ्यायचं असतं, हे मला दीड वर्षानं कळलं. ऑपरेशन झाल्यावर टाके काढले, सहाशे रुपये खात्यावर आले, विषय संपला होता.

ग्रामीण रुग्णालयात तीन हेलपाटे झाले. पहिल्यांदा रेकॉर्डचा माणूस रजेवर. दुसऱ्यांदा जुने केसपेपर गठ्ठ्यात बांधलेत, शोधावे लागतील. तिसऱ्यांदा एका सिस्टरनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "ताई, माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, तोंडी कोण देणार नाही." त्या सिस्टरचे माझ्यावर उपकार आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. माझं नाव, ऑपरेशनची तारीख, आणि माझ्याच केसपेपरची, संमतीपत्राची व ऑपरेशन रजिस्टरातल्या नोंदीची प्रत मिळावी एवढंच. कायद्यात 30 दिवसांची मुदत आहे. 26 व्या दिवशी पाकीट आलं.

ते संमतीपत्र मी ओट्यावर बसून वाचलं. माझंच संमतीपत्र मी पहिल्यांदा वाचत होते.

सही कशी झाली होती ते मला स्वच्छ आठवतं. बाळंत होऊन दुसरा दिवस, दुसऱ्या सकाळी ऑपरेशन. आम्ही आठ जणी होतो. एक सिस्टर हातात कागदांचा गठ्ठा घेऊन खाटेखाटेवरून फिरत होती. "इथं, इथं, आणि मागं एक." माझ्या मांडीवर पोरगं रडत होतं. मी उजव्या हातानं सही केली, डाव्या हातानं त्याला थोपटत होते. मी बारावी शिकलेली आहे, दोन मिनिटं मिळाली असती तर वाचलं असतं. सिस्टरला दोष द्यावा असंही वाटत नाही. ती एकटी, वॉर्डात बाळंतिणी वेगळ्या, ऑपरेशनच्या वेगळ्या. यांचीही सही घेतली होती. आज मला माहीत आहे की बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याच्या संमतीची गरज नसते. त्यांना मात्र कुणी असं सांगितलं नाही की पुरुषाची नसबंदी याहून लहान असते, पोट उघडावं लागत नाही. मलाही तांबीचं कुणी विचारलं नाही. दोन मुलं झाली, आता टाक्याचं ऑपरेशन, हे सगळ्यांनी आधीच धरलेलं होतं. मीसुद्धा.

तर त्या कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलेलं होतं. मराठीतच. ऑपरेशन अयशस्वी होण्याची शक्यता असते आणि त्यासाठी डॉक्टरला किंवा दवाखान्याला जबाबदार धरणार नाही. तपासणीला येईन. पाळी चुकली तर दोन आठवड्यांत येऊन कळवीन, तेव्हा गर्भपात मोफत करून मिळेल. दोन आठवड्यांत गर्भपात करून घेता आला नाही तर योजनेच्या रकमेपेक्षा जास्त भरपाई कुठल्याही कोर्टात मागणार नाही. दुसऱ्या पद्धतींची माहिती मला दिली आहे. हे सगळं मला माझ्या भाषेत समजावून सांगितलं आहे. खाली माझी सही. सहीच्या शेजारी लाभार्थीच्या बाजूचा साक्षीदार, आणि तिथं एक निळा अंगठा. पुढे नाव होतं, ते मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

दोन आठवडे हा शब्द मी किती वेळा वाचला असेल. पाळी चुकल्यावर दोन आठवड्यांत यायचं असतं, हे एक वाक्य त्या दिवशी कुणी तोंडानं सांगितलं असतं, तर मी पित्ताच्या गोळ्या खात बसले नसते. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

सप्टेंबरात अर्ज द्यायला गेले तर टेबलावरच्या साहेबांनी कागद चाळून परत केले. म्हणाले, गर्भ मार्चमधला दिसतोय, 90 दिवस कधीच होऊन गेले. मी म्हटलं, मुदत कळल्या दिवसापासून असते, कळलं ते जुलैत. ते म्हणाले, असं कुठं लिहिलंय? मला तेव्हा दाखवता आलं नाही. घरी परत आले. आशाताईंनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला, त्यांनी योजनेच्या पुस्तिकेतलं पान मोबाइलवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याची छापील प्रत अर्जाच्या वर लावून नेली आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापुढून हलले नाही. माझ्यासारख्या कुणावर ही वेळ आली तर पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पुढच्या अकरा महिन्यांत त्या पोचेनं मला चार वेळा वाचवलं.

नोव्हेंबरात मुलगी झाली, सिझर करून, दुसऱ्या गावच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिथल्या मॅडम आदल्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. माझ्याच केसपेपरच्या कोऱ्या जागेवर त्यांनी गर्भपिशवी काढली, दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या. नळीचा वेढा कसा बांधतात, मधला तुकडा कसा कापतात, आणि तरीही शरीर कधी कधी ती टोकं परत कशी जोडून घेतं, ते चित्रात दाखवलं. म्हणाल्या, नीट केलेल्या ऑपरेशनमध्येसुद्धा पहिल्या वर्षात साधारण दोनशे बायकांत एकीला दिवस जाऊ शकतात. आणि ऑपरेशननंतर दिवस गेलेच तर गर्भ नळीतच राहण्याचा धोका जास्त असतो, नळी फुटली तर बाई दगावते. तुमचा पिशवीत राहिला हे नशीब समजा. मग विचारलं, आता उद्या परत बांधू का? नको असेल तर दुसरे उपाय आहेत, आणि नको म्हणालात तरी बाळंतपण तसंच नीट करू. हे सगळं दहा मिनिटांत झालं. मी रडायला लागले. मॅडमना वाटलं भीती वाटतेय. मला भीती नव्हती वाटत. एवढी दहाच मिनिटं लागतात, हे बघून रडू आलं.

मी त्यांना एकच विनंती केली. उद्या पोट उघडाल तेव्हा आधीचं ऑपरेशन कसं झालंय ते बघा, आणि जे दिसेल ते लिहून द्या. त्यांनी दिलं. 'दोन्ही नळ्यांवर पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या खुणा, उजवी बंद, डावी पुन्हा जोडली गेलेली.' शस्त्रक्रियेच्या टिपणातली ही ओळ मी यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मग धाकटीला उचलून घेतलं. माफी वगैरे मागितली नाही, पण तो कागद महिनाभर त्यांच्या खिशात होता, आणि चुलतसासूंच्या घरी जाऊन त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, हे मला आत्याबाईंकडून कळलं.

योजनेचे 30 हजार ऑगस्ट 2016 मध्ये खात्यावर आले. मूल वाढवायला ते किती पुरतात याचा हिशेब मी इथे करणार नाही. त्या पैशांत शिलाई मशीन घेतलं, उरलेले मुलीच्या नावावर ठेवले.

पण माझ्या मनातलं मिटलं नव्हतं. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्यानं, हे बचत गटाच्या बैठकीत कळलं होतं. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला, एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी सगळी फाइल वाचून मग बोलायला सुरुवात केली, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी मला संत्राची गोष्ट सांगितली. हरियाणातली मोलमजुरी करणारी बाई, सात मुलं. 1988 मध्ये गुडगावच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि तरी मुलगी झाली. कोर्टात निघालं की डॉक्टरांनी उजवीच नळी बांधली होती, डावीला हातच लावला नव्हता. सरकार शेवटपर्यंत भांडलं. सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2000 मध्ये तिची 54 हजारांची भरपाई व्याजासह कायम केली. मी विचारलं, मग माझी केस तशीच नाही का? वकीलबाई म्हणाल्या, "नाही ताई. तुमच्या दोन्ही नळ्या बांधल्या होत्या, तुम्हीच लिहून आणलंय."

मग त्यांनी दुसरा निकाल काढला, पंजाब सरकार विरुद्ध शिवराम, ऑगस्ट 2005. त्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की ऑपरेशन फसलं एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण नळ्या निसर्गतः परत जुळू शकतात. डॉक्टरनं चूक केली हे दाखवावं लागतं. शिवाय पाळी चुकल्याचं कळूनही जी बाई मूल ठेवते, तिला नंतर ते नको असलेलं मूल म्हणून वाढवण्याचा खर्च मागता येत नाही. मी म्हटलं, मी ठेवलं नाही, मला कळलंच 21 व्या आठवड्यात. वकीलबाई म्हणाल्या, तोच तुमचा मुद्दा आहे आणि तो खरा आहे. फॉर्मवर कोर्टात जाणार नाही असं लिहून घेतलंय, त्याला घाबरायचं कारण नाही, करार कायद्याच्या 28 व्या कलमानं अशी बंदी टिकत नाही. समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, हे सांगितलं पाहिजे. पण तुम्हाला सांगितलं नाही हे सिद्ध कसं करायचं? कागद म्हणतो सांगितलं. खाली तुमची सही, तुम्ही बारावी पास, शेजारी साक्षीदार. फुकट उपचाराचं सरकारी रुग्णालय, म्हणून ग्राहक मंचात जाता येणार नाही. दिवाणी दावा, आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस, मग किती वर्षं ते सांगता येत नाही.

त्यांनी तरीही नोटिशीचा मसुदा करून दिला. चांगला होता. त्यात तिसऱ्या परिच्छेदात धाकटीबद्दल 'अनिच्छित अपत्य' असे शब्द होते. वकीलबाईंनी समजावलं की दाव्यात तसंच लिहावं लागतं, तो कायद्याचा शब्द आहे. मी मसुदा घरी आणला. धाकटी तेव्हा सव्वा वर्षाची, भिंतीला धरून चालायला लागली होती. तिला एक दिवस वाचता येणार. ती हा कागद वाचेल. मला ती पोटात नको होती, हे खरं आहे, आणि मी ते कुणापासून लपवत नाही. पण ती आल्यावर एक दिवसही मला नकोशी झाली नाही, हेही खरं आहे, आणि त्या परिच्छेदात ते लिहायला जागा नव्हती. मला ज्याची दाद मागायची होती ती गोष्ट ती नव्हती. मला सांगितलं नाही, ही होती.

दावा केला नाही. त्याऐवजी संमतीबद्दल जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाकडे तक्रार दिली. आठ बायकांचे फॉर्म एकाच फेरीत भरून घेतले, वाचून दाखवले नाहीत, साक्षीदार माझ्या ओळखीचा नाही, दोन आठवड्यांची अट सांगितली नाही, असं सगळं क्रमानं लिहिलं. वकीलबाईंनी त्यात देविका बिस्वास प्रकरणाचा उल्लेख घातला. बिहारमध्ये अररियाला 2012 च्या जानेवारीत एका रात्रीत 53 बायकांची ऑपरेशनं केली होती, त्यावरच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2016 मध्ये सांगितलंय की बाईला परिणाम समजेल असं तिच्या भाषेत सांगा आणि विचार करायला वेळ द्या. आपल्याला न्यायच मिळाला, असं ते वाक्य वाचून वाटलं होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'संमतीपत्रावर आपली स्वाक्षरी आढळून येते. सबब आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.'

त्याच वर्षी, 2017 ला, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बायकांची जागा होती आणि गटातल्या बायका म्हणाल्या, तू उभी राहा, तुला कागद वाचता येतात. आपल्याकडे सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. किती मुलं ते अर्जासोबत लिहून द्यावं लागतं. आकडा लिहायचा, कारण लिहायला जागा नसते. मी उभी राहिले नाही. याची कुठल्या योजनेत भरपाई नाही.

त्या अंगठ्याचं मात्र डोक्यातून जात नव्हतं. नावावरून गाव शोधायला वेळ लागला. आमच्या आठ जणींतली एक मला आठवडी बाजारात भेटली, तिच्याकडून धागा मिळाला. ऑपरेशनच्या त्या दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मुलीची आई सोबतीला आली होती. म्हातारी शेजारच्याच गावची, शनिवारी बाजारात कांदे घेऊन बसते.

मी जाऊन शेजारी बसले. घाबरवायचं नव्हतं, म्हणून आधी किलोभर कांदे घेतले. मग संमतीपत्राची प्रत काढून तिला निळा अंगठा दाखवला. तिनं कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"माजाच असंल," ती म्हणाली. "शिस्टर म्हणली, मावशी, लेकीचा झाला, आता ह्या बाकीच्या पोरींचा बी द्या, ह्यांच्याबर कोण न्हाई. म्या दिला. आठ कागुद हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलं का गं माजं?"

मी नाही म्हटलं. तिनं पिशवीत चार कांदे जास्तीचे टाकले आणि विचारलं, "तुजं नाव काय, पोरी?"